नोट्सच्या पानावर शेकूची बायको हवी

परीक्षा जवळ आली की इनबॉक्समध्ये रोज तेच येतं, "ताई, मराठीच्या शॉर्ट नोट्स असतील तर पाठवा ना." मी पाठवत नाही. राग मानू नका, कारण सांगते.

एम.ए.ला असताना मी एका सीनियरची वही झेरॉक्स करून आणली होती. मोत्यासारखं अक्षर, महत्त्वाचं सगळं हायलाइट केलेलं. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' या कादंबरीखाली लिहिलं होतं, 'ग्रामीण वास्तवाचे प्रभावी चित्रण, प्रादेशिकता, जिवंत व्यक्तिचित्रे'. मी घोकून पाठ केलं. पेपरात कादंबरीतला शाळामास्तर आणि गाव यांच्या नात्यावर प्रश्न आला आणि दीड पानातच माझं पेन थांबलं. ती वाक्यं कुठल्याही ग्रामीण कादंबरीखाली खपली असती. माडगूळकरांची वाडी त्यांत नव्हतीच.

तेव्हापासून दुसऱ्या पुस्तकाला चालेल असं वाक्य मी नोट्समध्ये ठेवत नाही. आज माझ्या पानावर पहिली ओळ आहे, 'शेकूची बायको, जू'. घरी बैल एकच, म्हणून औताला दुसऱ्या बाजूनं ती स्वतः लागते. एवढ्या तीन शब्दांवर माणदेशातली गरिबी, पावसाची ओढ, शेकूचा संसार, सगळं उलगडून लिहिता येतं. त्याखाली कारभारी, आनंदा रामोशी, तालीम, दुष्काळ, ओस वाडी. अर्ध्या पानात कादंबरी बसते, पण ती वाचलेल्यालाच उघडते. म्हणून तर माझं पान तुमच्या कामाचं नाही.

पान करताना पुस्तक मिटून ठेवा. आठवेल तेवढं निळ्या शाईनं लिहा, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल शाईनं भरा. शेवटच्या आठवड्यात फक्त लाल वाचायचं.

कवितेला मात्र हे आटवणं चालत नाही. तिथे शब्द जसाच्या तसा हवा. मर्ढेकरांची ओळ 'पिपात मेले ओल्या उंदिर' अशी आहे. कितीतरी उत्तरांत मी 'ओले उंदीर' वाचलंय. ओलं पीप आहे हो, उंदीर नाहीत! एका अक्षरानं ओळीचा अर्थ हलतो, आणि पुढचं सगळं विवेचन चुकीच्या चित्रावर उभं राहतं. कवितेच्या चारच ओळी घ्या, पण पुस्तकात बघून उतरवा.

नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा देणाऱ्यांना सालांची धास्ती असते. विश्राम बेडेकरांची कादंबरी 'रणांगण' 1939, मर्ढेकरांच्या 'काही कविता' 1947, 'बनगरवाडी' 1955, भालचंद्र नेमाडेंची कादंबरी 'कोसला' 1963. बघा, बरोबर आठ-आठ वर्षांचं अंतर. हे मला कुठल्या गाइडमध्ये मिळालं नाही, स्वतःच्या हातानं सालं एकाखाली एक लिहिताना दिसलं. इतका आनंद झाला होता त्या दिवशी!

तर नोट्स मागू नका, पण तुम्ही केलेलं एक पान मला जरूर पाठवा. कुठल्याही एका पुस्तकाचं. मी बसून वाचेन, आणि कुठली ओळ दुसऱ्या पुस्तकालाही चालेल तेवढं खूण करून परत देईन.