पाद्र्याला सूट नाही, सांगणाऱ्याला तुरुंगही नाही

वहिनी सोलापूरच्या विडी घरकुलात लहान पोरांच्या शिकवण्या घेतात. परवा त्यांनी एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "भावजी, म्हणजे आपण गप्पच बसायचं का हो?" मेसेजात होतं: कन्फेशनला, म्हणजे चर्चमध्ये फादरपुढे दिलेल्या पापाच्या कबुलीला, कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून मुलांवरचा अत्याचार कळला तरी फादरवर बोलायची सक्ती नाही, सामान्य माणसाने सांगितलं आणि खोटं निघालं तर तोच आत, पोरीचं नाव गावभर होतं ते वेगळंच, ऑस्ट्रेलियात असा कायदा करून सरकारने चर्चपुढे हात टेकले. शेवटी "जनहितार्थ पुढे पाठवा". डोंबलाचं जनहित!

आधी दुसरा मुद्दा, कारण वहिनी घाबरल्या त्या त्यानेच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 सरळ सांगतं की चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी, कुठलीच जबाबदारी येत नाही. कलम 22 मध्ये शिक्षा आहे, पण ती निव्वळ बदनामी, खंडणी, धमकी किंवा अपमान करायला रचलेल्या खोट्या तक्रारीला. पुरावा गोळा करणं पोलिसांचं काम, शिकवणीच्या बाईंचं नव्हे. उलट, माहीत असून न कळवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. म्हणजे मेसेज ऐकून जो गप्प बसेल, तोच अडकेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, कळूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं.

आता फादर. कॅथलिक चर्चच्या नियमात कन्फेशन फोडायला सक्त बंदी आहे, फोडणारा बहिष्कृत होतो, हे खरं. मान्य करायलाच लागेल. पण तो चर्चचा नियम झाला. कलम 19 "कोणतीही व्यक्ती" म्हणतं. त्यात फादर, महाराज, मौलाना सगळे आले. वकील-अशील, नवरा-बायको यांच्या बोलण्याला साक्षीपुराव्याच्या कायद्यात आडोसा आहे, धर्मगुरूसाठी तसं कलमच नाही. आणि सोलापुरात जुनं काम अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे प्रोटेस्टंटांचं. त्यांच्यात फादरच्या कानात पाप सांगायची सक्तीच नाही. लिहिणाऱ्याने एवढं तरी विचारायचं कोणाला.

ऑस्ट्रेलियाचं म्हणाल तर तिथल्या व्हिक्टोरिया राज्याने 2019 मध्ये आणि क्वीन्सलँड राज्याने 2020 मध्ये कन्फेशनची पळवाट बंद केली. चर्चने विरोध केला, कायदे तरी झालेच.

राहिलं नावाचं. पीडित मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो माध्यमांतून उघड करणाऱ्याला कलम 23 खाली सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही. ग्रुपवर "त्या अमक्याची पोरगी" म्हणून चघळणाऱ्यांनी हे कलम आधी वाचावं. बाकी कळवायला जवळचं पोलीस ठाणं आहे, नाहीतर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. फोनला पैसे पडत नाहीत.