तपासणी म्हणजे मान्यता नव्हे

संगीत महोत्सवांत लोकांनी आणलेल्या अमली गोळ्यांत नेमके काय आहे हे तपासून देण्याची सोय असू नये, असे सांगणारा एक युक्तिवाद सध्या बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ही सोय म्हणजे अमली पदार्थांवर उमटवलेली सरकारी मान्यतेची मोहोर आहे, ती न घेणाऱ्यांनाही मोहात पाडते, घेणाऱ्यांना खोटा दिलासा देते, कायदा मोडणाऱ्याला पाठीशी घालते, आणि शुद्ध एमडीएमएनेही (‘एक्स्टसी’ गोळ्यांतल्या मूळ अमली पदार्थानेही) माणसे मरतच असल्यामुळे तिचा उपयोग शून्य. यातला शेवटचा मुद्दा खरोखर वजनदार आहे.

मोहोरेची गोष्ट मात्र तपासणी प्रत्यक्षात कशी चालते हे न पाहता मांडलेली दिसते. आलेली व्यक्ती गोळीचा किंचित भाग खरवडून देते, रसायनतज्ज्ञ तो अवरक्त किरणांच्या यंत्रावर ठेवतो, आणि काही मिनिटांनी आलेला निकाल आरोग्यसेवक तिला समजावून सांगतो. ‘ही गोळी सुरक्षित आहे’ असे तिथे कोणी म्हणत नाही. धोका नको असेल तर न घेणे हाच एक मार्ग आहे, हे मात्र स्पष्ट सांगितले जाते आणि नको असलेला माल टाकायला शेजारीच पेटी असते. मान्यता देणाऱ्याने असा माल फेकून देण्याची व्यवस्था केल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

न घेणारे ओढले जातात हा आक्षेप फार वेळ घेण्याजोगा नाही. तपासायला येणाऱ्याच्या खिशात गोळी आधीच असते. निर्णय झालेला असतो आणि तो बदलण्याची संधी फार तर इथेच मिळते. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा इथल्या २०१९ च्या महोत्सवात ज्यांच्या नमुन्यांत एन-इथाइलपेंटिलोन हे घातक रसायन निघाले, त्यांनी आपला माल पेटीत टाकला.

खोट्या दिलाशाचा आक्षेप अर्धा खरा आहे. महोत्सवात वापरले जाणारे यंत्र मिश्रणातला फार थोड्या प्रमाणातला घटक हेरू शकत नाही, आणि नायटाझीनसारखी अतितीव्र ओपिऑइड (अफूसारखा परिणाम करणारी द्रव्ये) तर कणभरही पुरे. गोळीच्या एका कडेला जे आहे तेच दुसऱ्या कडेला असेल, याचीही हमी नसते. ही मर्यादा लपवणारी तपासणी अनैतिकच म्हणावी लागेल. पण त्यावरून तपासणीच नको, असा निष्कर्ष निघत नाही; मर्यादा निकालाइतक्याच ठळकपणे सांगितली पाहिजे, एवढेच सिद्ध होते. तपासणी नसते तेव्हा दिलासा नसतो असेही नाही, तो विकणाऱ्याच्या शब्दावर मिळतो.

आता शुद्ध एमडीएमएचा मुद्दा. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात महोत्सवांत गेलेल्या सहा तरुणांच्या मृत्यूंची चौकशी झाली, तेव्हा भेसळीपेक्षा एमडीएमएच कारणीभूत असल्याचे दिसले. विरोधक हेच पुढे करतात. पण त्याच चौकशीच्या शेवटी, २०१९ मध्ये, कोरोनर (अशा मृत्यूंची चौकशी करणारा न्यायिक अधिकारी) हॅरिएट ग्रॅहम यांनी तपासणीची शिफारस केली, हे सांगायचे राहून जाते. मृत्यूचे कारण शुद्धता नसून मात्रा, उष्णता आणि पाण्याचा चुकलेला हिशेब असेल, तर नेमके त्याविषयीच बोलणारा माणूस तिथे हवा. युरोपात १९९० च्या दशकात एका गोळीत साधारण ५० ते ८० मिलिग्रॅम एमडीएमए असे; पुढे त्याच्या दुप्पट आणि त्याहून जास्त असलेल्या गोळ्या सर्रास मिळू लागल्या. जुन्या हिशेबाने दोन घेणाऱ्याला हा आकडा समजणे म्हणजे अर्धी घेणे किंवा मुळीच न घेणे. त्यामुळे नुसते नाव सांगून थांबणारी तपासणी अपुरी ठरते आणि मात्रा मोजणारी यंत्रे असावीत ही मागणी रास्त ठरते.

एमडीएमए म्हणून खपवल्या जाणाऱ्या पीएमएमए या घातक रसायनाची गोष्ट आणखी बोलकी आहे. ते उशिरा चढते, म्हणून ‘काही होत नाही’ असे वाटून माणूस दुसरी गोळी घेतो आणि शरीराचे तापमान हाताबाहेर जाते. डिसेंबर २०१४ मध्ये ‘सुपरमॅन’ छापाच्या गुलाबी गोळ्यांत ते नेदरलँड्समधील तपासणी यंत्रणेला सापडले. ही यंत्रणा तिथे १९९२ पासून चालू आहे. देशभर इशारा दिला गेला. ब्रिटनमध्ये मात्र तशाच गोळ्यांनी त्यानंतरच्या काही दिवसांत चार जण दगावले. आपल्याला जे कळू शकते ते न कळवणे ही तटस्थता आहे, असे मानणाऱ्यांनी या दोन देशांकडे एकदा शेजारी ठेवून पाहावे.

राहिला कायद्याचा प्रश्न. तपासणीमुळे बाळगणे वा विकणे कायदेशीर होत नाही, त्यामुळे पाठीशी घालण्याचा आरोप टिकत नाही. उलट अडचण दुसरीकडे आहे: नमुना हाती घेणारा रसायनतज्ज्ञच अनेक देशांत बाळगण्याच्या कलमाखाली येऊ शकतो, आणि तंबूच्या दारात पोलीस उभा असेल तर आत कोणी येत नाही. न्यूझीलंडने २०२१ मध्ये कायम कायदा करून परवानाधारक तपासनिसांना त्या कलमातून वगळले. दाराजवळच्या पोलिसाचे काय करायचे, हे मात्र प्रत्येक आयोजकाला स्थानिक पोलिसांशी आधी बसून ठरवावे लागेल.