उद्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल? मग आज निवांत झोपा

आज रात्री पुस्तक उघडून बसणारे जे कोण असतील त्यांनी हे वाचू नये, त्यांचं काही होणार नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. तीन वर्षं सांगलीत बीएस्सी केलंय, अनुभवाचे बोल आहेत, फी घेत नाही.

सगळ्यात आधी जर्नल. प्रयोग झाल्यावर निरीक्षणं लिहायची ही जुन्या लोकांची पद्धत झाली, त्यात वेळ जातो आणि वर जे दिसलं तेच लिहावं लागतं. आपण आदल्या रात्रीच लिहून मोकळं व्हायचं. सीनियरचं जर्नल मिळवायचं, त्यानं त्याच्या सीनियरचं उतरवलेलं असतं, त्यानं त्याच्या. म्हणजे ॲस्पिरिनचा मेल्टिंग पॉइंट १३५ कुणीतरी डोळ्यांनी बघितला होता हे नक्की, पण तो माणूस आता नातवंडं खेळवत असणार.

ॲप्रन धुवू नका. माझ्या ॲप्रनवर डब्यातली आमटी सांडली, आईनं डागाला साबण लावला तर पिवळा डाग लालभडक. आई घाबरली, "ॲसिड सांडून घेतलंस का रं?" ॲसिड नव्हे, उलटं होतं, साबणातल्या अल्कलीनं हळदीतलं करक्युमिन लाल होतं, लिंबू पिळलं की परत पिवळं. हळदीच्या गावात राहून हे मला तेव्हा कळलं. तीन वर्षांत केलेला हा एकच प्रयोग ज्याचं निरीक्षण मी आधी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून मनाला फार लागलं.

गॉगल घरीच ठेवा. सोडियम फ्यूजनला, म्हणजे पदार्थात नायट्रोजन, सल्फर वगैरे आहे का बघायच्या टेस्टला, इग्निशन ट्यूब लालबुंद तापवून डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडतात, ती तिथं तडकन फुटते, तर जरा वाकून जवळनं बघा, भुवया काय परत येतात. उरलेला सोडियमचा तुकडा लॅब अटेंडंट मामा अल्कोहोलमध्ये टाकून हळूहळू संपवतात, त्यात काय मजा नाही. बेसिनमध्ये टाका आणि नळ सोडा. हायड्रोजन निघतो, पेट घेतो, आणि एरवी स्टूलवरनं न हलणारे मामा ज्या वेगानं येतात तो वेग बघण्यासारखा असतो. (आमच्या बॅचमध्ये एकानं बघितलाय. बेसिनचे पैसे त्याच्या डिपॉझिटमधून गेले.)

आता यील्ड, म्हणजे माल किती निघाला ते. २ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड घेतलं तर हिशोबानं २.६ ग्रॅम ॲस्पिरिन व्हायला पाहिजे, सगळं जरी जमलं तरी. लोक इथं मार खातात कारण ते वाळवत बसतात. फिल्टर पेपरवरनं ओलं काढायचं आणि थेट काट्यावर. माझं ३.४ भरलं, म्हणजे १३० टक्के, सरांनी वही बघितली, मला बघितलं, म्हणाले बँक एवढं व्याज देत नाही बाळा, तुझ्याकडंच ठेव ठेवतो. मग म्हणाले फेरिक क्लोराइड टाक. ॲस्पिरिन शुद्ध असेल तर रंग येत नाही, सॅलिसिलिक शिल्लक असेल तर जांभळा येतो. माझं कृष्णाकाठच्या वांग्यासारखं झालं. जर्नलमध्ये आधीच 'रंग येत नाही' लिहिलेलं होतं, ते खोडायला लागू नये म्हणून मी टेस्ट ट्यूब पटकन धुतली.

मेल्टिंग पॉइंटला बर्नर फुल सोडा. हळूहळू तापवा असं सगळीकडं लिहिलेलं असतं पण लिहिणाऱ्याला तासगावची एसटी पकडायची नसते. थर्मामीटरचा पारा ११० वरनं थेट १४० ला जातो, मधलं कुठलंही तापमान तुमच्या मालकीचं.

आणि फायनल प्रॅक्टिकलला दिलेली पावडर कुठली ते ओळखायचं असतं, तिथं तर काहीच करायचं नाही, मामांना विचारायचं. मी विचारलं. मामा रॅकवरनं बाटल्या पुसत होते, मागं न बघता हळूच म्हणाले, "१२२". १२२ ला वितळतं म्हणजे बेन्झॉइक ॲसिड, लहान पोरगं पण सांगेल. मी सोडियम बायकार्बोनेटची टेस्ट न करताच लिहून टाकलं, फसफसून बुडबुडे येतात, अतएव ॲसिड. पंधरा मिनिटांत पेपर संपला, बाकीचा वेळ बर्नरकडं बघत विचारात असल्यासारखा उभा राहिलो.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक आले, म्हणाले बायकार्बोनेट टाकून दाखव. टाकलं. पावडर तळाला जाऊन शांत बसली.

"बुडबुडे कुठायत?"

"सर, मघाशी येऊन गेले."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या ट्यूबमध्ये चिमूटभर पावडर अल्कोहोलमध्ये विरघळवली, फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले, हिरवट रंग आला. बीटा-नॅफ्थॉल. वितळतं १२२-१२३ लाच. मग त्यांनी मागच्या बाकावरच्या तीन उत्तरपत्रिका उचलून चाळल्या आणि म्हणाले, "यांचे पण येऊन गेले वाटतं."

बाहेर पडलो तर मामा दारात उभे. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडं. म्हणाले, "मी १२२ म्हणालो होतो. बेन्झॉइक कुठं म्हणालो?"