मुद्दाम खडीतून

मेव्हण्याचं ऐकू नये, हे मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. तरी सायकलच्या बाबतीत पुन्हा फसलो. हा मेव्हणा पुण्यात नोकरी करतो आणि साधारण दोन वर्षांनी त्याला नवा छंद होतो. आधी तो पहाटे पळायचा. मग घरी पीठ आंबवून पाव भाजायला लागला. ते पाव आम्ही दोन महिने भिजवून खाल्ले. गेल्या फेब्रुवारीत तो गाडीच्या टपावर दोन सायकली बांधून नाशिकला आला. एक त्याची, एक माझ्यासाठी मित्राकडून मागून आणलेली.

"दाजी, ही ग्रॅव्हल बाइक. म्हणजे खास खडीवर चालवायची."

माझं सगळं बालपण खडीवर सायकल चालवण्यात गेलं. तेव्हा त्याला छंद म्हणत नसत, 'अजून डांबर पडलं नाही' एवढंच म्हणत. ही सायकल मात्र वेगळी होती. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर ४० मिलिमीटर रुंद, डिस्क ब्रेक आणि टायरात ट्यूबच नाही. तिच्याऐवजी आत पांढरा चीक ओतलेला. काटा घुसला की चीक भोकाकडे धावतो आणि तिथेच थिजतो. रुईचं पान तोडल्यावर होतं तसं. किंमत विचारली, तेव्हा बायको तिथेच बसली होती म्हणून त्याने आकडा मोबाइलवर टाइप करून दाखवला.

शनिवारी रात्री टायरात हवा किती भरायची यावर पाऊण तास चर्चा झाली. कमी भरली तर दगड रिमला लागतो, जास्त भरली तर दगड आपल्याला लागतो. माझं वजन विचारलं गेलं. मी सांगितलं. त्याने वजनकाटा आणायला लावला. माझ्या लग्नात मानपानावरसुद्धा एवढा काथ्याकूट झाला नव्हता.

पहाटे साडेपाचला, मागे उशी शिवलेली ती घट्ट काळी चड्डी घालून मी बाहेर आलो. दूध घ्यायला उभी असलेली बायको हळूच म्हणाली, "अहो, कॉलनीच्या मागच्या फाटकाने जा."

मार्ग मेव्हण्याने उपग्रहाच्या नकाशावर बोट फिरवून आखला होता. गंगापूर धरणाच्या कडेने गिरणारे, तिथून वाघेऱ्याचा घाट, पुढे हरसूलकडचं जंगल, त्र्यंबकवरून परत आणि शेवटी धरणाकाठी वाइन. सगळे मिळून ९६ किलोमीटर, आणि त्यातलं शक्य तितकं डांबर टाळून. डांबर टाळायला एवढी बुद्धी खर्च करणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

पहिला तास खरोखर छान गेला. धरणावर धुकं होतं, गोदावरी अजून झोपेत होती. सुला या वाइन कंपनीने इथे आपली पहिली वायनरी सुरू केली ती २००० साली. आता दोन्ही अंगांना द्राक्षाच्या रांगा, आणि मधून बैलगाडीची मुरमाड वाट. मेव्हणा पुढून ओरडून सांगत होता, "दाजी, अगदी इटलीतली टस्कनी!" तेवढ्यात माझ्या मागच्या चाकातून फुस्स झालं.

बागेच्या बांधाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं, आणि काटा बोटाएवढा. चीक धावला, पण थिजायच्या ऐवजी माझ्या पाठीवर पांढरी नक्षी काढत उडाला. मेव्हणा कसल्याशा रबरी वातीने भोक बुजवत बसला. बागेचा मालक पंपाच्या खोलीतून आला आणि बराच वेळ हात पाठीमागे बांधून बघत राहिला.

"ट्यूब न्हाई व्हय हिला?"

"नाही."

"मग पंक्चर कशाचं काढता?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मग विषय बदलायला मी एक मणी तोडला. मालक म्हणाले, "खाऊन बघा, पण खायचं न्हाई ते." वाइनचं द्राक्ष बारीक असतं, साल जाड, आत बिया. गोड मात्र असं की दातांना चिकटतं. पलीकडच्या बागेत टेबलाचं द्राक्ष होतं. त्याचे मणी फुगवायला घड औषधात बुडवायचे, उन्हाने रंग बदलू नये म्हणून कागदात गुंडाळायचे. इकडच्या द्राक्षाचे तसले लाड नाहीत, त्याची फक्त साखर मोजतात. त्यांनी खिशातून दुर्बिणीसारखं नळकांडं काढलं, काचेवर रसाचा थेंब टाकला आणि मला डोळा लावायला सांगितलं. निळी-पांढरी रेघ २२ वर होती. "२३ झाली की तोडणी," ते म्हणाले. पंक्चर, काटा, मेव्हणा, सगळं विसरून मी त्या रेघेकडे बघत राहिलो. दिवसभरात नेमकं आणि उपयोगाचं असं मला दिसलेलं तेवढंच.

वाघेऱ्याच्या घाटाबद्दल फार लिहीत नाही. घाटात मी सायकल चालवली, मग ढकलली, मग तिच्यावर रेलून उभा राहिलो. एक आजीबाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन मला मागे टाकून गेल्या. जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, ही त्यांची दया.

घाटमाथ्यावर कच्ची वाट सुरू झाली आणि मेव्हण्याने श्वास घेत मला इटली सांगितली. टस्कनीत कियांतीच्या द्राक्षमळ्यांमधून जुने पांढरे मातीचे रस्ते जातात. ते डांबराखाली गाडले जाऊ नयेत म्हणून १९९७ साली तिथे 'लेरोइका' नावाची सायकलफेरी सुरू झाली. जुन्या लोखंडी सायकली, लोकरीच्या जर्सी आणि वाटेतल्या टेबलांवर पाण्याशेजारी वाइन. "रस्ता कच्चा राहावा म्हणून चळवळ, दाजी! संस्कृती म्हणतात ती ही!"

हे सांगत असतानाच आम्ही एका पाड्यावर पोचलो. झाडाखाली सात-आठ माणसं बसली होती. आमची हेल्मेटं, हँडलवरचं जीपीएसचं यंत्र, मेव्हण्याच्या छातीला लावलेला कॅमेरा हे सगळं बघून ती उठून उभी राहिली. एक म्हातारेबाबा पुढे आले.

"या साहेब. सर्व्हेला आलात ना?"

"नाही बाबा, आम्ही सायकल चालवतोय."

"ते दिसतंय. पण मोजणी कुठवर करणार? त्या वड्यापातुर करा. मागच्यांनी अलीकडंच सोडली."

मी पुन्हा सांगितलं. बाबांना पटेना. सुट्टीच्या दिवशी, नाशिकहून, या रस्त्याने, कुणी सांगितलं नसताना कुणी येईल, हेच त्यांना पटत नव्हतं. तरुण पोरांतल्या एकाने अर्जांची फाइल आणली. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली. वर लिहिलं होतं, 'विषय: रस्ता डांबरीकरण करून मिळणेबाबत'. आत अशीच बरीच पानं, प्रत्येकावर पोच घेतल्याचा शिक्का. पावसाळ्यात इथवर जीप येत नाही, बाळंतीण अडली तर झोळीत घालून खाली न्यावी लागते, असं बाबा अगदी साध्या आवाजात म्हणाले. जणू वेळापत्रक सांगताहेत.

मेव्हण्याने कॅमेरा बंद केला. टस्कनीचं पुढे काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

निघताना बाबांनी माझ्या यंत्राकडे बोट दाखवलं. "यात नोंद होती का रस्त्याची?"

"होते."

"मग लई खराब हाये असं टाका." आणि माझ्या चड्डीच्या उशीकडे बघत म्हणाले, "तुमाला सोय करून यावं लागलं एवढा खराब."

पुढच्या जंगलात सागाची पानं इतकी गळली होती, की खालचा दगड दिसत नव्हता, फक्त बसत होता. पळस मात्र भर फुलावर होता. वर आभाळात गिधाडं घिरट्या घालत होती. हरसूलच्या बाजूला वनखात्याने मेलेली जनावरं टाकायला जागा केली आहे, तिला सगळे 'गिधाडांचं रेस्टॉरंट' म्हणतात. एक गिधाड बराच वेळ माझ्या बरोबरीने चाललं होतं. मी वेग वाढवला. त्याला घाई नव्हती.

त्र्यंबकच्या अलीकडे डांबरी रस्ता लागला, तेव्हा मी खाली उतरून त्याच्यावर हात फिरवला. मेव्हण्याला सांगितलं, बुटाची लेस बांधतोय. बुटाला लेस नव्हती.

तिसऱ्या प्रहरी धरणाकाठच्या वायनरीत पोचलो. सगळीकडे मुंबईची मंडळी, टोप्या, पांढरे कपडे. आम्हाला कोपऱ्यातलं, वाऱ्याच्या खालच्या बाजूचं टेबल मिळालं. टेस्टिंगवाल्या मुलाने ग्लासात दोन घोट शिराझ ओतली, गोल फिरवायला लावली आणि म्हणाला, "सर, नाकाशी धरा. ओली माती येईल, थोडं चामडं, मागून हलका धूर."

मी श्वास घेतला. तिन्ही येत होते. ग्लास बाजूला ठेवून पुन्हा श्वास घेतला. तरीही येत होते. मुलगा सभ्य होता, त्याने फक्त पंखा आमच्याकडे वळवला.

रात्री पालथा पडून मी पाठीला तेल लावून घेत होतो. शेजारी मेव्हण्याने मार्ग ॲपवर चढवला. 'अप्रतिम ग्रॅव्हल. डांबर जवळजवळ नाही. पाच तारे.' मग माझा मोबाइल वाजला. त्याने मलाही त्या मार्गात जोडलं होतं, आणि ॲप विचारत होतं: पृष्ठभाग कसा वाटला?

मी बाबांचा शब्द पाळला. 'लई खराब' एवढंच लिहिलं. ॲपने आभार मानले, आणि असेच आणखी तीन मार्ग सुचवले.