नाराच्या मंदिरांत एकही खिळा नाही? वळचणीखाली बघा

जपानची जुनी राजधानी नारा (710 ते 784) आणि तिच्या आसपासच्या मंदिरांबद्दल एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय: 'तेराशे वर्षांची लाकडी मंदिरं, एकही खिळा नाही, कधी दुरुस्ती नाही. पगोड्याचा मधला खांब लंबकासारखा लटकतो, म्हणून भूकंपात काही होत नाही. तोदाइजीचं बुद्धमंदिर तर निव्वळ लाकडाचं!' कौतुक रास्त आहे, तपशिलात मात्र घोळ आहे.

आधी खिळा. खांब, आडव्या तुळया आणि छपराचा भार पेलणारे एकावर एक रचलेले ठोकळे यांचे सांधे कुसू-खाचेचे (एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत) किंवा लाकडी खुंट्यांचे असतात, इथवर खरं. पण वासे तिरके बसतात. त्यांच्यावर कौलांचं ओझं, त्यात वळचण भिंतीच्या कितीतरी पुढे आलेली. तिथे नुसत्या खाचेवर भागत नाही. वासा खालच्या तुळईला लांब, चौकोनी, घडीव खिळ्याने जखडतात. नाराच्याच याकुशीजी मंदिराचा पश्चिम पगोडा 1981 मध्ये जुन्या पद्धतीने पुन्हा उभा राहिला, तेव्हा मुख्य सुतार निशिओका त्सुनेकाझु यांनी असे हजारो खिळे लोहाराकडून घडवून घेतले. बाजारातला तारेचा खिळा चालत नाही: तो गंजतो, डोकं तुटतं आणि सांधा ढिला पडतो.

लटकता खांब नाराजवळच्या होर्युजी मंदिरात नाहीच. तिथल्या सुमारे 32 मीटर उंच पगोड्याचा मधला खांब मुळात जमिनीत जवळजवळ 3 मीटर खोल रोवलेला होता, आणि ते बूड पुढे कुजलं. हा खांब मजले पेलत नाही, पेलतो फक्त शिखरावरचा धातूचा कळस. अडचण निराळीच आहे. आडवं लाकूड शतकानुशतकं दबतं आणि सुकून आटतं, त्यामुळे मजले खाली बसतात. खांबात लाकडाचे तंतू उभे असतात, म्हणून तो जवळपास तेवढाच राहतो. मग कळसाभोवती छपराला फट पडते आणि पाणी आत शिरतं. खांब साखळीने टांगायची युक्ती बरीच उशिराची, उदाहरणार्थ टोकियोच्या उत्तरेकडच्या निक्को गावातला 1818 चा पगोडा. टांगलेला खांब मजल्यांबरोबर खाली येतो, फट पडत नाही. भूकंपाचं म्हणाल, तर खांब तळापासून शेंड्यापर्यंत सलग नसतात. प्रत्येक मजला खालच्यावर नुसता बसवलेला असतो. हादऱ्यात सांधे घासतात, सरकतात आणि जोर तिथेच जिरतो. पगोड्यांचा मोठा वैरी आग. तोदाइजीचा पश्चिम पगोडा 934 मध्ये विजेने जळला. पूर्वेचा 1180 च्या युद्धात गेला, पुन्हा बांधला, तर 1362 मध्ये त्याच्यावरही वीज पडली.

'कधी दुरुस्ती नाही' हे तर सरळ उलटं. होर्युजीचं पहिलं मंदिरच 670 मध्ये जळाल्याची नोंद आहे. 1934 पासून तिथे एकेक इमारत सुटी करून दुरुस्त केली: तुकड्यांना क्रमांक द्यायचे, कुजलेला भागच कापून नवं लाकूड सांध्यात बसवायचं, नव्या तुकड्यावर दुरुस्तीच्या वर्षाचा डाग द्यायचा. याच कामादरम्यान, 26 जानेवारी 1949 ला, मुख्य मंदिराला आग लागली. वरचा भाग आधीच उतरवला होता म्हणून वाचला. अजिंठ्याशी ज्यांची तुलना होते ती भित्तिचित्रं होरपळली.

राहिलं तोदाइजी. आजचं बुद्धमंदिर 1709 चं, आणि मूळ 11 खणांऐवजी 7 खणांचं. तेवढे जाड खांब मिळेनात, म्हणून लाकडाचे तुकडे जोडून वर लोखंडी पट्टे आवळले; ते आत गेल्यावर डोळ्यांना दिसतात. 1906 ते 1913 च्या दुरुस्तीत छपरात पोलादी कैच्या (भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) बसवल्या, त्या मात्र खालून दिसत नाहीत.