बारा नंबरच्या बाई : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नर्सिंगच्या विद्यार्थिनींना पेशंटच्या वजनाबद्दल कसं बोलावं यावर मी तास घेते, त्यावर तुमचं म्हणणं असं : ‘पेशंटला जाड म्हणू नका’ हे शिकवण्यात तास घालवण्यापेक्षा विद्यार्थिनींना शंभर किलोच्या माणसाची कूस बदलायला शिकवा, आणि कुणी टोचून बोललंच नाही तर वजन उतरणार कसं?

पहिलं मला मान्य आहे. रात्रपाळीला दोघींनी असा पेशंट वळवला की कंबर आठवडाभर बोलते, हे मीही भोगलंय. पेशंट सरकवायची घसरती चादर (स्लाइड शीट) नाही, उचलायचं यंत्र (हॉइस्ट) नाही, ही वॉर्डाची उणीव. राग मात्र खाटेवरच्या माणसावर निघतो. पहिल्या वर्षाची मुलगी तो राग ओव्हर घेतानाच, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती घेतानाच, शिकते. ‘बारा नंबरची जाडी’ असं एक विद्यार्थिनी म्हणाली, तेव्हा त्या बाई जाग्या होत्या.

टोचून बोलण्याचं मात्र पटत नाही. टोमणे खाल्लेला माणूस दवाखाना टाळतो आणि अनेकदा जास्त खातो. २०२० मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी संयुक्त निवेदन काढून हेच बजावलं. स्टेरॉइडने किंवा ओलांझापिनसारख्या मानसिक आजारावरच्या औषधाने वाढलेलं वजन टोमण्याने कसं उतरेल?

माझ्या तासाला उपदेश नसतो. मी टेप आणि तीन मापांचे कफ, म्हणजे बीपी घेताना दंडाला बांधायचे पट्टे, नेते. मुली एकमेकींचे दंड मोजतात, मग बीपी घेतात. सर्वांत मोठा कफ लागणाऱ्याला नेहमीचा बांधला तर वरचं बीपी सरासरी २० ने जास्त दिसतं, असं २०२३ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मधल्या अभ्यासात आढळलं. म्हणजे १२४ चं १४४!

नवी असताना मी हेच केलं. मोठा कफ कपाटात, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे. पित्ताशयातल्या खड्यांसाठी आलेल्या बाईंना साधाच कफ ताणून बांधला, आकडा वाढीव आला आणि मी अख्ख्या वॉर्डासमोर ‘आधी वजन कमी करा’ म्हणाले. पुढच्या पाळीतल्या सिस्टरने मोठा कफ आणला, बीपी नॉर्मल. त्या बाई नंतर माझ्याशी बोलल्या नाहीत. तो आकडा त्यांच्या देहाचा नव्हता, माझ्या समजुतीचा होता. म्हणून मी हे शिकवते, ताई.

तुमची सूचना घेते. पुढच्या बॅचला कूस बदलण्याचं आणि कफचं प्रात्यक्षिक एकाच दिवशी ठेवीन. विद्यार्थिनी आळीपाळीने पेशंट होतील, आणि वळवणाऱ्या वर काय बोलतात ते खाटेवर पडून ऐकतील.