साडेतीन स्टार द्या आणि सुखात राहा

सिनेमावर लिहायची हौस आहे ना? जरूर लिहा. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्य छापलेलंच आहे. फक्त काही पथ्यं पाळा, म्हणजे लेखही छापून येईल आणि तुम्हीही सुखरूप घरी पोहोचाल.

पहिलं पथ्य स्टारचं. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, तसे स्टारही साडेतीनच. तीन दिले तर निर्माता रुसतो, चार दिले तर वाचक हसतो. मी परवा दीड दिला. एका दैनिकाच्या पुरवणीत लिहितो, नाव जाऊ द्या. संध्याकाळी डेस्कवरून फोन, "सर, जरा सौम्य करता का?" केलं. तासाभराने पुन्हा, "सर, उद्या त्याच सिनेमाचं जॅकेट आहे हो." म्हणजे अख्खं पहिलं पान नायकाच्या उघड्या छातीला दिलेलं, आणि आत मी लिहिणार की याला अभिनय येत नाही. बरं दिसतं का ते? नाही दिसत. सकाळी माझ्या जागेवर पावसाळ्यात केसांची निगा कशी राखावी हे सचित्र छापून आलं होतं.

दुसरं, सिनेमा बघून लिहू नका. उगाच मत तयार होतं. मध्यंतरातला समोसा संपायच्या आत मोबाइलवर 'मास्टरपीस' टाकून मोकळं व्हायचं.

सिनेमा ऐतिहासिक असेल तर मात्र काहीच लिहू नका. थांबा. ट्रेलर येऊ द्या, कुणाच्या भावना दुखावतात ते कळू द्या, मग त्या भावनांच्या बाजूने लिहा. 'छावा'च्या ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले आणि भावना दुखावल्या म्हणून सिनेमा कुणी बघायच्या आत ती लेझीम कापली गेली. मलाही ती लेझीम बघवली नव्हती, पण मला बघवत नाही म्हणून तुमच्या डोळ्यांवर हात ठेवायचा हक्क मला कुणी दिला? असो. 'फुले' तर ११ एप्रिल २०२५ ला, जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. ट्रेलरवर काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला आणि सिनेमा २५ तारखेवर गेला. प्रमाणन मंडळाने, म्हणजे आपल्या सेन्सॉरने, बदल सांगितले होते ते वेगळेच. 'महार', 'मांग', 'पेशवाई' नको. तीन हजार वर्षांची गुलामी नको, 'कित्येक वर्षांची' म्हणा. आकडा चुकीचा आहे असं कुणी दाखवून दिलं नाही, तो टोचला, बस. ज्या माणसाने १८७३ साली 'गुलामगिरी' नावाचंच पुस्तक लिहिलं, त्याच्या सिनेमात गुलामीची वर्षं मोजायची नाहीत! आणि गंमत म्हणजे त्या पुस्तकावर बंदी नाही. फुल्यांचं समग्र वाङ्मय सरकारच छापतं. छापील चालतं, कारण ते कुणी उघडणार नाही याची सगळ्यांनाच खात्री आहे. पडदा मात्र लोक बघतात. दाद मागायला एक अपिलीय न्यायाधिकरण होतं, तेही २०२१ मध्ये गुंडाळलं. आता थेट उच्च न्यायालय गाठा, वकील लावा, तारखा घ्या, तोवर आरक्षित केलेली थिएटरं गेली दुसऱ्याला. कुठल्या निर्मात्याला परवडतं हे? तो निमूट कापतो, आणि पुढच्या वेळी लिहितानाच कापतो. त्या कापलेल्याची बातमीसुद्धा होत नाही. काय झालंय काय आपल्याला?

माफ करा. पथ्यं सांगत होतो.

वृत्तपत्रस्वातंत्र्याचा जागतिक निर्देशांक कुणी तोंडावर फेकला, २०२५ मध्ये १८० देशांत आपण १५१ वे वगैरे, तर म्हणा परदेशी संस्थांना भारत कळत नाही. ऑस्करवाल्यांना मात्र कळतो.

आणि निखळ मनोरंजनच हवं असेल तर बातम्या लावा. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना आपल्या काही वाहिन्यांनी एका रात्रीत, स्टुडिओत बसूनच, कराची बंदर उद्ध्वस्त केलं होतं. बातम्यांच्या पार्श्वभूमीला सायरन इतके वाजवले की शेवटी सरकारलाच सांगावं लागलं, बाबांनो, खरा वाजेल तेव्हा लोक उठणार नाहीत.

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं, कुणी मारतंय का? मारतात हो. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापूरचे पत्रकार शशिकांत वारीशे यांना गाडीने उडवलं. रिफायनरीच्या वादात ज्याच्याविरुद्ध त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्याचीच ती गाडी. दुसऱ्या दिवशी वारीशे गेले. खुनाचा गुन्हा लागला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१७ चा कायदाही आहे. किती दिवस आठवण ठेवलीत त्यांची? पुढच्या शुक्रवारी कुठला सिनेमा लागला होता तो मात्र आठवत असेल.

हो, तुम्हालाच म्हणतोय. 'मीडिया विकला गेलाय' असं रोज लिहिता ना? सकाळी सहाला पेपरची पीडीएफ ग्रुपवर कोण ढकलतं? मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नचे तीनशे रुपये मुकाट्याने देता आणि पेपरवाला महिन्याचं बिल घेऊन आला की त्याला "उद्या ये" सांगता. तुम्ही पैसे देणार नाही, मग जो देईल त्याचीच छाती पहिल्या पानावर येणार. आणि एखाद्याने तरीही खरं लिहिलं, तुमच्या लाडक्या नायकाला नावं ठेवली, की त्याचा नंबर ग्रुपवर टाकून शिव्या घालायला बोलावणारेही तुम्हीच. संपादकाला लाचार म्हणायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही? आधी ते थकलेलं बिल भरा, मग बोलू.